चार बोटं अंतर

मी एकतीस वर्षं केक धरला. बनवला नाही, विकला नाही, कापला तर मुळीच नाही. धरला.

साताऱ्यातल्या आमच्या बेकरीचे मोठे केक पाचगणीच्या हॉटेलांत जायचे. लग्नाचे, पन्नाशीचे, साठीचे, आणि पुढेपुढे घटस्फोटाचेसुद्धा. तीन मजली केक खोक्यात मावत नाही, तो नवरदेवासारखा उघडाच जातो. व्हॅनच्या मागच्या बाकावर डावीकडे केक बसायचा, उजवीकडे मी, आणि पुढे हमीद मुलाणी गाडी चालवायचा. वाईपर्यंत स्पीडब्रेकर आणि त्यानंतर पसरणीचा घाट.

केक धरणं म्हणजे केकला हात लावणं नव्हे, हे लोकांना सांगून पटत नाही. हात लावला की क्रीम बोटांना येतं आणि एका घराण्याची अब्रू जाते. डावा हात केकच्या पुढे आडवा धरायचा. कोपर जरा वाकलेलं. हात आणि केक यांच्यात चार बोटं अंतर. गाडीला धक्का बसला की केक पुढे येतो. बहुतेकदा हाताशी पोचायच्या आत थांबतो. नाहीच थांबला तर हाताने त्याला अडवायचं नाही, त्याच्याच वेगाने मागे यायचं, म्हणजे डाग पडतो पण मजला पडत नाही. आणि खड्डा दिसल्यावर हात टाकला तर उशीर झालेला असतो. हात खड्ड्याच्या आधी जायला हवा. दहा-बारा वर्षांनी तो आपला आपण जायला लागतो. मला मग त्याच्याबरोबर बसून राहायचंच काय ते काम उरलं.

हॉटेलच्या दारात गाडी लागली की हमीद आरशातून विचारायचा, "नाना, शाबूत?"

मी म्हणायचो, "शाबूत."

आमची मैत्री साधारण एवढ्या शब्दांची होती, आणि ती भक्कम होती.

माझं लग्न झालं नाही. मुली बघायचा वार रविवार, आणि रविवारी केक फार. एकदा कोरेगावला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?"

"केक धरतो."

त्यांनी मान डोलावली. "आणि नोकरी?"

पुढे हमीद गेला. मग व्हॅन आपली आपण चालायला लागली. चालवायची बरी, पण पोचल्यावर काही विचारायची नाही. मी आपला सवयीने रिकाम्या आरशाकडे बघून "शाबूत" म्हणायचो आणि गाडी दार उघडायची. त्यानंतर दोन वर्षांनी तोल-पेटी आली. पेटीच्या आत तीन भोवरे सतत फिरत असतात, बाहेरून कितीही हलवा, आतली ताटली सपाटच. माझ्या निरोपाला मालकांनी केक मागवला होता. तो पेटीतून आला. मी चारही बाजूंनी पाहिला. एक ओरखडा नव्हता. मला फार वाईट वाटलं.

मालकांनी मला त्रिलोक पार्कचं जोडतिकीट दिलं. मी एकटा आहे हे त्यांना माहीत होतं, पण एकट्याचं तिकीट पार्क तेव्हा विकत नव्हता.

*

त्रिलोक पार्क शिरवळजवळ, महामार्गाला लागून आहे. तिथल्या मोठ्या रोलर कोस्टरचं नाव पाताळ एक्सप्रेस. एक अख्खी टेकडी पोखरून तिच्या पोटात रूळ फिरवले आहेत. गाडीला वासुकीचं तोंड, वर फणा, आणि फण्यावर केसांच्या तेलाची जाहिरात. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ अशा सात पायऱ्या, म्हणजे सात घसरणी. पूर्वी एखाद्या घराण्याला रसातळाला जायला तीन पिढ्या लागायच्या. इथे दोन मिनिटं अकरा सेकंद.

मी उजवीकडे बसलो, कारण मी उजवीकडेच बसतो. डावी खुर्ची रिकामी होती. पट्टे तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, बरोबरचे?"

"येणार होते," मी म्हणालो. असं म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत.

गाडी अंधारात शिरली. ओल्या मातीचा वास आला, कृत्रिम होता पण चांगला होता. एक जाडा आवाज म्हणाला, "हे अतल. आपला अहंकार आणि चष्मा काढून ठेवावा." अतलाची घसरण छोटी, पोटात गुदगुल्या करण्यापुरती. मग वितलाच्या कड्यावर गाडी क्षणभर थांबली, आणि खालची जमीन गेली.

माझा डावा हात माझ्या आधी निघाला होता. रिकाम्या खुर्चीच्या पुढे आडवा, कोपर वाकलेलं, चार बोटं अंतर. सातही घसरणींत तो तसाच जात राहिला. मी मनातून त्याला सांगत होतो, बाबा रे, तिथे कुणी नाही. तो ऐकायला तयार नव्हता.

बाहेर पडताना तिथे फोटो विकतात. माझा फोटो पडद्यावर लागला होता: तोंड वासलेलं, डोळे मिटलेले, आणि डावा हात शेजारच्या शून्याला सांभाळतोय. मागे एका कुटुंबातले सगळे हसले. मी फोटो घेतला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

*

चार महिन्यांनी पार्कातून फोन आला आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. स्वरा निंबकर नावाची इंजिनियर होती, तिशीच्या अलीकडची, बोलताना पेनची उघडझाप करणारी. मला वाटलं, हात बाहेर काढल्याबद्दल दंड असेल.

"काका, तुमची एक नोंद आम्हाला वापरायची आहे," ती म्हणाली. "तुमच्या घाबरण्याची."

"घाबरण्याची? ती काय वापरता येण्यासारखी आहे?"

मग तिने मला समजावलं. ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो.

आपल्या कानाच्या आत दोन बारीक पिशव्या असतात आणि त्यांत चुन्याचे खडे. खडे म्हणजे धुळीएवढे. आपण पडायला लागलो की खडे तरंगतात, आणि मेंदूच्या वरच्या मजल्याला न विचारता थेट हातापायांना निरोप जातो. वरच्या मजल्यावर खबर पोचेपर्यंत सुमारे पाऊण सेकंद जातो. त्या पाऊण सेकंदात माणसाला खोटं वागता येत नाही. कुठलं बोट आधी मिटतं, वजन कुठे सरकतं, श्वास कुठे अडकतो, ही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. पाताळ एक्सप्रेसच्या खुर्च्यांत दोनशे सेन्सर होते आणि ते प्रत्येकाची तऱ्हा टिपून ठेवत होते. अतलाची छोटी घसरण त्यासाठीच होती. तेवढ्यात खुर्ची माणसाला ओळखायची.

"पण कशाला?"

"कारण निम्म्याहून जास्त लोक आता जोडतिकीट काढूनही एकटे येतात," ती म्हणाली. "आणि एकटा माणूस किंचाळत नाही, काका. दात आवळून बसतो, उतरतो, घरी जातो. परत येत नाही. किंचाळायला शेजारी कुणीतरी लागतं."

म्हणून त्यांनी सोबती तयार केला होता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीत रबरी नळ्यांचे स्नायू घडी घालून बसवले होते. हवा भरली की आखडतात, सोडली की सैल. त्यांना एखाद्याची नोंद दिली की ते ती हुबेहूब वाजवतात, पेटीवर चीज वाजवावी तशी. शेजारची खुर्ची रिकामी असेल तर अंधारात तिच्यात कुणीतरी दचकतं, सरकतं, दांडी आवळतं. आता प्रश्न होता की वाजवायचं कुणाला.

"अकरा हजार नोंदी तपासल्या," स्वरा म्हणाली. "त्या पाऊण सेकंदात सगळे स्वतःला धरतात. दांडी धरतात, चष्मा धरतात. एका पुढाऱ्याने पुढच्या माणसाची मान धरली होती. आयासुद्धा आधी दांडी धरतात आणि कळल्यावर मुलाला. आधीच शेजारच्याला धरणारा माणूस एकच निघाला." तिने पेन बंद केलं. "तुमच्या शेजारी कोण बसायचं, काका?"

तिच्या डोळ्यांत एवढी आशा होती की तिथे तीन मजली केक ठेवणं मला जमेना.

"असायचं कुणीतरी," मी म्हणालो.

"आणि आता?"

"आता मी एकटाच."

यात खोटा शब्द एकही नव्हता. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मी सही केली. मला कायमचा पास मिळाला आणि माझ्या हाताला सात नंबर. निघताना तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, सात नंबर मला स्वतःला कधी वाजणार नाही. बाकी एकट्यांना तोच मिळेल, मला मात्र अतलात खुर्ची ओळखेल आणि दुसरा सोबती देईल. चाचणीच्या वेळी एक बाई स्वतःच्याच दचकण्याला उलट दचकत बसल्या होत्या, तेव्हापासून तो नियम. दुसरी गोष्ट, "पास आहे म्हणून सारखे बसू नका हं, काका. खडे शिकतात. वीस-पंचवीस फेऱ्यांत भीती विझते, आणि एकदा विझली की पेटत नाही."

मी बरं म्हणालो. घरी मला दुसरं काही काम नव्हतं, हे तिला सांगितलं नाही.

*

दिवाळीपर्यंत सात नंबरसाठी रांगा लागायला लागल्या.

लोक एकटे यायला लागले. जे जोडीने यायचे ते वेगवेगळ्या रांगांत बसायला लागले, म्हणजे शेजारची खुर्ची रिकामी राहील. साताऱ्याच्या एका सासूबाईंनी सुनेला मागच्या डब्यात पाठवलं आणि सुनेने त्यांचे लग्नानंतर पहिल्यांदाच आभार मानले. बाहेर अभिप्रायाची वही होती, तीत कराडच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "हात येतो पण लागत नाही. आमच्या ह्यांना दाखवायला आणलं होतं. हे झोपले." एका प्राध्यापकांनी भारतीय पुरुषाच्या हळव्या संयमावर दीड तास भाषण दिलं. एका दैनिकाने चार बोटांच्या त्या अंतराला सभ्यता म्हटलं, दुसऱ्याने वैराग्य. ते क्रीममुळे आहे हे अख्ख्या महाराष्ट्रात मला एकट्याला माहीत होतं.

मी दर गुरुवारी साताऱ्याहून बसने जायचो. दोन-तीन फेऱ्या मारायचो. मला तीन नंबरचा सोबती मिळायचा. तो कुणी पैलवान असावा. वितल आलं की आधी दांडी आणि मग माझं कोपर असं आवळायचा की शुक्रवारी शेकावं लागायचं. पण धरत होता, म्हणून मी तक्रार केली नाही.

मग मी बाहेर पडायच्या दाराशी उभा राहायचो. माणसं अंधारातून उजेडात यायची आणि आधी शेजारी बघायची. तिथे कुणी नसायचं. मग थोडी हसायची, ओढणी नीट करायची, मोबाइल काढायची. गुरुवारच्या एका दिवसात मी दोन-अडीचशे माणसांना धरलेलं असायचं आणि त्यांतल्या एकानेही मला धक्का न मारता वाट दिली नाही.

सुवर्णा बाबर मला तिथेच दिसल्या. पंचावन्नच्या पुढच्या, आखूड केस, पायात बूट. त्याही गुरुवारी यायच्या. शेवटच्या रांगेत डावीकडे बसायच्या, आणि उतरताना शेजारी न बघता सरळ चालत जायच्या. जणू शेजारचा माणूस मागून येतोच आहे.

एकदा कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलापाशी एकच खुर्ची उरली होती.

"बसा," त्या म्हणाल्या. "पण पाय आत घ्या. माझा पाय ब्रेकवर जातो."

"मी फडतरे. इथे ब्रेक कुठाय?"

"तेच तर. एकोणतीस वर्षं होता." बाबर मोटार ट्रेनिंग स्कूल, फलटण. त्या मालकीणही होत्या आणि शिक्षिकाही. शिकणारा उजवीकडे, त्या डावीकडे, पायाखाली दुसरा ब्रेक. "निम्मं फलटण मी वाचवलंय, फडतरे. समोरून ट्रक यायचा, पोरगं स्टिअरिंग सोडून द्यायचं, ब्रेक मारायचे मी. गाडी थांबली की पोरं स्वतःचा चष्मा शोधायची. बाई, तुम्हाला लागलं का, असं एकाने विचारलं नाही."

"मग शाळा?"

"गाड्या आपल्या आपण चालतात आता. शिकवू कुणाला, गाडीला?"

पुढच्या गुरुवारपासून आम्ही चहा एकत्र घ्यायला लागलो. त्यांना सात नंबरबद्दल बोलायला आवडायचं. मला ऐकायला.

"लोक वेडे आहेत," त्या म्हणायच्या. "म्हणे प्रेमळ हात. काय प्रेमळ? हा कामाचा हात आहे. बघा ना, घाई नाही, आवळणं नाही. मी पुढे फेकले गेले तर माझ्याच वेगाने मागे येतो. ही शिकून आलेली गोष्ट आहे, वर्षानुवर्षांची. ह्या माणसाने कुणाला तरी रोज नीट पोचवलंय."

मी कप खाली ठेवला आणि डावा हात टेबलाखाली घेतला.

"काय ओ फडतरे, हात दुखतो तुमचा?"

"वयाने," मी म्हणालो.

त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी बसून ठरवलं. केकची गोष्ट जगात एकाच माणसाला सांगता येण्यासारखी आहे आणि तो माणूस फलटणला राहतो. पण सांगायची कशी? मी सांगितलं तर थाप वाटेल. त्यापेक्षा शेजारी बसावं. वितलाच्या कड्यावरून गाडी सुटली की हात जाईल. त्यांना हात ओळखता येतो. बाकी मग चहाबरोबर.

*

"एक फेरी माझ्याबरोबर बसता का?" मी पुढच्या गुरुवारी विचारलं.

"का? भीती वाटते?"

"वाटायची."

त्यांनी विचार केला. "तुम्ही शेजारी बसलात तर तो येणार नाही. माझी एक फेरी फुकट जाईल."

"हो, जाईल."

"बरं," त्या म्हणाल्या. "आजचा चहा तुमचा."

शेवटची रांग. त्या डावीकडे, मी उजवीकडे. पट्टे तपासणाऱ्या बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला बरोबरच्याबद्दल विचारलं नाही. मी खिसा चाचपला. फोटो होता.

अतल. अहंकार आणि चष्मा. छोटी घसरण झाली, खुर्चीने जे काय टिपायचं ते टिपलं असेल. गाडी वितलाच्या कड्यावर थांबली. मी बसस्टॉपवर उभं राहावं तसा हाताची वाट बघत होतो.

जमीन गेली. हात मांडीवर होता.

मी त्याच्याकडे पाहिलं. अंधारात दिसत नव्हता, पण आहे तिथेच होता हे कळत होतं, एखाद्या निवृत्त माणसाच्या कुठल्याही हातासारखा, पालथा, स्वस्थ. पोटातही काही झालं नाही. स्वराचे शब्द आठवले. खडे शिकतात. मी हिशेब न ठेवता दर गुरुवारी दोन-तीन फेऱ्या मारत आलो होतो, केवळ कुणीतरी कोपर आवळतं म्हणून.

सुतलाच्या कड्यावर मी ठरवून हात टाकला. ठरवून टाकलेला हात उशिरा पोचतो. गाडी खाली जाऊन वरती निघाली होती, आणि माझा हात जाऊन त्यांच्या खांद्यावर आदळला.

"हात आवरा, फडतरे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. शिकाऊ पोराला क्लच सोडायला सांगतात तसा होता.

मी दोन्ही हातांनी दांडी धरली. महातलात कडेने नागांच्या डोळ्यांचे दिवे लागतात, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. डावीकडून चौथा नाग बंद पडला होता.

बाहेर आल्यावर आम्ही बाकावर बसलो. 

"बाई, तो हात माझा आहे," मी म्हणालो. "सात नंबरचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसल्या. वाईट हसणं नव्हतं. "तुम्ही चौथे. मागच्या महिन्यात बारामतीचे दोघे होते, एकाच वेळी. त्यांचं आपसात भांडण लागलं."

माझा हात खिशाशी गेला. फोटोत सगळं होतं. तारीख, रांग, आडवा हात, वाकलेलं कोपर. एकदा बघितलं असतं तर त्यांना दुसरा पुरावा लागला नसता.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "तो माणूस कुठे असेल हो?"

"म्हणजे?"

"मी खाली जाताना दर वेळी त्याचाच विचार करते. ज्याला एवढं नीट धरता येतं तो एकटा राहत नसतो, फडतरे. घरी कुणीतरी असणार. तेच डावीकडे बसत असणार. संध्याकाळी दोघं कुठे निघाली, रिक्षा दचकली की ह्याचा हात पुढे, आणि ती म्हणत असेल, अहो पुरे, मी काय पडतेय?" त्या बुटाच्या लेसकडे बघत होत्या. "ते आहे म्हणून मला बरं वाटतं. आपलं नाही झालं, पण कुणाचं तरी झालंय. नाहीतर रबरच आहे की ते."

फोटोतली डावी खुर्ची रिकामी होती.

मी खिशावरचा हात खाली घेतला.

"असणारच घरी कुणीतरी," मी म्हणालो.

"असणार ना?"

"हो तर. हात बघूनच कळतं."

त्यांनी मान हलवली, उठल्या. "चला. माझी फुकट गेलेली फेरी भरून काढते." दोन पावलं जाऊन वळल्या. "आणि तुम्ही कुणासारखं व्हायला जाऊ नका. चहाला बरे आहात."

मी दाराशी उभा राहिलो. दहा-बारा मिनिटांनी त्या उजेडात आल्या. शेजारी न बघता, सरळ, हळू चालीने, मागून येणाऱ्याला वेळ मिळावा अशा. मला हात केला आणि फलटणच्या गाडीसाठी फाटकाकडे निघून गेल्या.

*

माझ्या बसला अजून तासभर होता. ऊन कलत आलं होतं, गर्दी पांगत होती. मी पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो. तीन नंबर का होईना.

बसायच्या वेळी मी डावीकडे बसलो. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. उजवीकडे बसून काय होतं ते सकाळपासून पुरेसं बघून झालं होतं. एवढ्या वर्षांत त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. ती केकची जागा.

"काका, बरोबरचे?" पट्टे तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

"गेले," मी म्हणालो.

गाडी अंधारात शिरली. ओली माती. जाड्या आवाजाने अहंकार काढून ठेवायला सांगितलं. अतलाची घसरण झाली, आणि दोनशे सेन्सरांनी मला शोधलं असणार. कुठलं बोट आधी मिटतं, वजन कुठे सरकतं, हात निघतो का. त्यांना जो रघुनाथ फडतरे माहीत होता तो तिथे नव्हता. एक अनोळखी म्हातारा होता, कशालाच न दचकणारा. सोबत कुणी नाही. खुर्चीने अशा माणसाला जे द्यायचं ठरलेलं आहे ते द्यायचं ठरवलं. हे मला नंतर उमगलं. तेव्हा मी फक्त पैलवानाची वाट बघत कोपर आवरून बसलो होतो.

गाडी वितलाच्या कड्यावर थांबली. जमीन अजून जायची होती, आणि उजवीकडून हात आला.

कोपर जरा वाकलेलं. छातीच्या पुढे, चार बोटं अंतर. तिथे तो थांबला, आणि मला त्याचं सगळं माहीत होतं. कुठल्या खड्ड्याने त्याला कोपर वाकवायला शिकवलं ते. कुठल्या वळणावर त्याने एका डॉक्टरीणबाईंच्या लग्नाचा वरचा मजला वाचवला ते. पुढे हमीद असायचा, आणि आरशात त्याच्या भुवया.

गाडी कोसळली. मी पुढे फेकला गेलो आणि हाताने मला घेतलं. आवळलं नाही. माझ्याच वेगाने मागे आला आणि मला परत जागेवर ठेवून पुन्हा चार बोटं लांब जाऊन उभा राहिला.

एवढ्या वर्षांत मी केकच्या बाजूने कधी विचार केला नव्हता. बरं असतं तिथे.

सुतल गेलं, तलातल गेलं. महातलात बंद पडलेला नाग आला आणि गेला. प्रत्येक कड्यावर हात माझ्या आधी तयार होता. भीती माझ्यात उरली नव्हती हे खरं, पण रसातळाच्या तोंडाशी मला एक गोष्ट जाणवली, की शेजारी कुणीतरी आहे. आणि मी किंचाळलो. पोटातून, लाज सोडून, लहान पोरासारखा. पाताळापर्यंत किंचाळत गेलो.

गाडी उजेडात येऊन थांबली. हात घडी होऊन खुर्चीच्या पाठीत गेला होता. मी शेजारी बघितलं नाही. पट्टा सोडायला बाई आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघून जरा घाबरल्या.

"काका," त्यांनी विचारलं, "ठीक आहात ना?"

मी समोर बघितलं. तिथे आरसा नव्हता.

"शाबूत," मी म्हणालो.